साडेअकरा पौंडांचा चाप

मी हातांची थेरपिस्ट आहे. लोकांचे हात मोडतात, कापतात, सुजतात, आणि सर्जनचं काम संपलं की ते माझ्या टेबलासमोर येऊन बसतात. पेनसिल्व्हेनियातलं स्टेट कॉलेज हे विद्यापीठाचं गाव, त्यामुळे कोण येईल याचा नेम नसतो. गिर्यारोहणाच्या सरावभिंतींवर चढणारे विद्यार्थी येतात, चेलो वाजवणाऱ्या प्राध्यापक येतात, आसपासच्या दऱ्यांमधले गाईवाले शेतकरी येतात. पहिल्या दिवशी मी सगळ्यांना एकच प्रश्न विचारते. या हाताने तुम्हाला पुन्हा काय करता यायला हवं आहे? उत्तर फॉर्मवर लिहावं लागतं आणि बहुतेक वेळा ते मला आधीच माहीत असतं. बरणी उघडणं. शर्टाची बटणं. नातवाला कडेवर घेणं.

नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या थोडं आधी आलेल्या एक बाई म्हणाल्या, "पिस्तूल."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "सॉरी?"

"माझं पिस्तूल. त्याचा चाप ओढता यायला हवा. याच बोटाने." आणि त्यांनी प्लास्टिकच्या स्प्लिंटमधली उजवी तर्जनी थोडी वर उचलली.

त्या एकाहत्तर वर्षांच्या होत्या. तीस वर्षं त्यांनी स्कूल बस चालवली होती. आमच्या पेशात पेशंटचं नाव बाहेर सांगायचं नसतं, म्हणून घरी मी त्यांना 'बसवाल्या बाई' म्हणायचे, इथेही तेच म्हणते. ऑक्टोबरअखेर हॅलोविनचा भोपळा कोरताना सुरी सटकली आणि बोट वाकवणारी दोरी, टेंडन, निम्म्याहून जास्त तुटली. दरवर्षी त्या आठवड्यात मला असे दोन-तीन भोपळेवाले पेशंट मिळतातच.

मी खुर्ची जवळ ओढली. दोन वर्षांपूर्वी नवरा गेलेला, घरात एकटी राहणारी बाई पिस्तुलाविषयी बोलत असेल तर पुढचा प्रश्न विचारावाच लागतो. क्लिनिकचा तसा नियम आहे. नियम नसता तरी मी विचारलंच असतं.

"मला स्पष्ट विचारायचंय. स्वतःला काही करून घ्यावं असं कधी मनात येतं का?"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. रागावल्या नाहीत.

"नाही," त्या म्हणाल्या. "तो गेला त्या हिवाळ्यात कोणी विचारलं असतं तर मला जरा विचार करून उत्तर द्यावं लागलं असतं. तेव्हा कोणी विचारलं नाही. तू विचारलंस ते बरं केलंस."

मग त्यांनी सांगितलं. दर गुरुवारी सकाळी चार बायका गावाबाहेरच्या नेमबाजीच्या रेंजवर जमतात. एक पोस्टातून निवृत्त झालेली, एक नर्स, एक अजूनही चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी, आणि या. कागदी टार्गेटवर नेम धरायचा, तासभर हसायचं, मग पॅनकेक खायला जायचं. नवऱ्याच्या बंदुका मुलांनी वाटून घेतल्यावर या एकट्या दुकानात गेल्या आणि शोकेसमधलं सगळ्यात स्वस्त पिस्तूल घेऊन आल्या.

"बोट कापल्यापासून मी नुसती त्या तिघींचे गुण लिहिते," त्या म्हणाल्या. "गुण लिहायला मी तिथे जात नव्हते."

मी फॉर्मवर लिहिलं: पिस्तुलाचा चाप ओढणे. लिहिताना मला थोडं विचित्र वाटलं. एकोणीस वर्षं मी पेनसिल्व्हेनियात राहते. इथे हरणांच्या शिकारीचा सीझन सुरू झाला की शाळेला सुट्टी मिळते, माझ्या अर्ध्या पेशंट्सच्या गाडीत बंदूक असते. आणि मी त्या वस्तूला कधी हातही लावला नव्हता. चाप ओढायला किती जोर लागतो हे मला माहीत नव्हतं. बरणीच्या झाकणाला किती लागतो, किल्ली फिरवायला किती लागतो, ते मी झोपेतही सांगितलं असतं.

शिवलेल्या टेंडनवर पहिले बारा आठवडे जोर द्यायचा नसतो, नाहीतर टाका तुटतो. त्यामुळे तो सगळा हिवाळा आम्ही बोट नुसतं वाकवायचं आणि सरळ करायचं शिकत होतो. फेब्रुवारीच्या शेवटी सर्जनने परवानगी दिली तेव्हा मी बाईंना विचारलं, "तुमचा चाप किती पौंडांचा आहे?"

"मला काय माहीत? जड आहे. बोट धड होतं तेव्हाही जडच होता."

पुढच्या वेळी त्या उत्तर घेऊन आल्या. दरीत एक म्हातारा बंदूकमिस्त्री राहतो, त्याच्याकडे चाप मोजायचा काटा असतो. साडेअकरा पौंड.

मी आकडा ऐकून चकित झाले. सगळं पिस्तूल मिळून सव्वा पौंडाच्या आसपास भरतं, आणि त्यातली एक छोटी पाती मागे ओढायला साडेअकरा पौंड. म्हणजे पाच किलोंच्या वर. पाच किलो तांदळाची पिशवी एका बोटावर उचलायची, तीही हात न हलवता. असं कोणी मुद्दाम का बनवेल, हे मला कळेना.

त्याच सुमारास माझे बाबा नागपूरहून आले. दर दोन वर्षांनी ते उन्हाळा चुकवायला येतात. इथे मार्चमध्ये बर्फ असतं, मग ते तीन आठवडे खिडकीपाशी बसून बर्फाला नावं ठेवतात. बाबा विदर्भातल्या एका सरकारी दारूगोळा कारखान्यात इन्स्पेक्शन खात्यात होते. काडतुसाच्या बुडाशी मधोमध एक बारकी पितळी कॅप असते. तिच्यावर टोला बसला की ठिणगी पडते आणि गोळी सुटते. ती कॅप तपासण्यात बाबांची तीस वर्षं गेली. डोळ्याला लावायचं त्यांचं छोटं भिंग अजून त्यांच्या शर्टाच्या खिशात असतं. आता ते त्याने किराणा पाकिटांवरची तारीख वाचतात.

जेवताना मी साडेअकरा पौंडांची गोष्ट सांगितली. घास हातातच ठेवून बाबांनी विचारलं, "एवढं जड काऊन ठेवते?"

"तेच तर मला कळत नाहीये."

"आणि बाईचं बोट किती ओढते?"

तेही मला कळलेलं नव्हतं. चिमटीचा जोर मोजायचं यंत्र माझ्याकडे होतं, मुठीचा मोजायचंही होतं. पण एकट्या तर्जनीने हवेत मागे ओढण्याचा जोर मोजायचं काहीच नव्हतं. बाबा उठले, हात धुतले आणि आमच्या कपाटातून सामान मोजायचा हुकवाला काटा घेऊन आले. इंडियाला जायच्या बॅगा ज्यावर तोलतो, तो.

"याला मूठ करून देतो," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गराजमध्ये मेपलच्या लाकडाचा तुकडा, करवत आणि कानस घेऊन त्यांनी काम सुरू केलं. मुठीच्या मागच्या अंगाला काटा पक्का बसवला आणि पुढे, जिथे बोट येतं तिथे, एक वाकवलेली पट्टी हुकात अडकवली. पट्टी ओढली की काट्यावर आकडा यायचा. अंतर किती ठेवायचं असं त्यांनी विचारलं तेव्हा मी माझा हात पुढे केला आणि म्हटलं, "माझ्याइतकंच ठेवा, बाईंचा हातही लहान आहे."

माझी चौदा वर्षांची मुलगी शाळेतून आली आणि दारातच थबकली. "आजोबा, इज दॅट अ गन?"

"गन नाही बेटा. बोट मोजायचं मशीन."

"इट लुक्स लाइक अ गन." ती स्टुलावर बसली, थोडा वेळ बघत राहिली, मग तिच्या अडखळत्या मराठीत म्हणाली, "पण आजोबा, आपण रविवारी पंचशील म्हणतो. फर्स्ट वन इज नो किलिंग. मग तुम्ही बुलेट्स कसे बनवले?"

मी आतून ऐकत होते. हा प्रश्न मी त्यांना आयुष्यात कधी विचारला नव्हता.

कानशीचा आवाज थांबला. "मी रोज सकाळी शील घ्यायचो," बाबा म्हणाले, "आणि आठच्या पाळीला कारखान्यात जायचो. दोन्ही खरं आहे. माझ्या बापाला त्या कारखान्याच्या गेटच्या आत कोणी घेतलं नसतं, मी आत खुर्चीवर बसून माल पास-नापास करायचो. त्याचा मला अभिमान होता. पण तू विचारते तेही बरोबर आहे."

"ओके," ती म्हणाली. "थँक्स फॉर बीइंग ऑनेस्ट." आणि आजोबांसाठी लाकूड धरून बसली.

क्लिनिकमध्ये ते यंत्र नेलं तर मॅनेजर म्हणाली, "ही वस्तू इथे चालणार नाही, सरळ पिस्तूल दिसतंय." मी ते परत घरी आणलं. बाबांनी पुढचं टोक कानशीने गोल केलं, त्यावर हिरवी टेप गुंडाळली, आणि ते बागेत पाणी घालायच्या नळीच्या मुठीसारखं दिसायला लागलं. मग चाललं.

पहिल्या दिवशी बसवाल्या बाईंच्या बोटाने साडेचार पौंड ओढले. त्यांनी आकडा पाहिला आणि म्हणाल्या, "अजून सात हवेत." मी त्यांना सांगितलं की एवढं होईलच असं मी म्हणत नाही. शिवलेला टेंडन आहे, वय आहे. पण त्यांनी तीस वर्षं पहाटे साडेपाचला थंडगार बस सुरू केली होती, माझ्या सांगण्याने त्या थांबणार नव्हत्या. रबरबँड, बोटांनी दाबायची मऊ पुट्टी, कपड्यांचे चिमटे, मी देईन ते त्या करत राहिल्या. एप्रिलमध्ये सहा झाले. मे उजाडला तेव्हा सात. मग साडेआठ. एकदा तर नऊ. आणि नवावर ते थांबलं. तीन आठवडे आकडा जागचा हलला नाही. उलट बोटाच्या मुळाशी सूज यायला लागली.

"डाव्या हाताने मारा ना," मी म्हटलं.

"डाव्या हाताने नेम धरायला शिकेपर्यंत मी म्हातारी होईन."

"मग हलक्या चापाचं दुसरं पिस्तूल घ्या."

"हे माझं आहे," त्या म्हणाल्या आणि विषय संपला. जाता जाता दारात थांबल्या. "मिस्त्री म्हणतो तो चाप हलका करून देईल. मी ते त्याच्याकडे ठेवून आलेय. शनिवारी ये. आणि तो लाकडी खेळणं बनवणारा तुझा बाप आहे ना, त्यालाही घेऊन ये."

शनिवारी माझी सुट्टी असते. मॅनेजरला विचारलं तर ती म्हणाली, पेशंटने बोलावलंय आणि कामाशी संबंध आहे, जा. खरं सांगायचं तर ती नको म्हणाली असती तर मला फार वाईट वाटलं असतं. तीन महिने डोक्यात तो आकडा घेऊन मी फिरत होते. त्या पिस्तुलाच्या आत काय आहे ते मला बघायचं होतं.

मिस्त्रीचं दुकान म्हणजे घरामागचं गराज. बसवाल्या बाई आधीच येऊन थांबल्या होत्या. तो ठेंगणा, पंचाहत्तरीचा, जाड चष्म्याचा. बाबांची ओळख करून दिल्यावर त्याने आधी एकच विचारलं, "व्हिजिटर व्हिसावर आहेत?"

"हो."

"मग बघू दे काय हवं ते, पण हात लावायचा नाही. पिस्तुलाला नाही आणि गोळ्यांनाही नाही. कायदा आहे." आवाजात उर्मटपणा नव्हता. बाबांनी मान हलवली आणि दोन्ही हात पाठीमागे बांधले. पुढच्या दोन तासांत एकदा कान झाकायला सोडले तेवढेच.

पिस्तूल टेबलावर उघडून ठेवलेलं होतं. मी वाकून पाहिलं. आत एवढं थोडं असेल असं मला वाटलं नव्हतं. चाप मागे ओढला की एक लांब पट्टी सरकते, ती टोला मारणाऱ्या घोड्याला मागे रेटते, घोडा स्प्रिंगला दाबतो, आणि अगदी शेवटी पट्टी निसटते आणि घोडा पुढे आदळतो. बोटातही असंच असतं. स्नायू वर कोपराजवळ असतो, दोरी ओढतो, आणि हालचाल होते ती दूर टोकाला.

"एवढा जड का बनवतात?" मी विचारलं.

"दोन कारणं," मिस्त्री म्हणाला. "एक म्हणजे, स्वस्त वस्तूचे भाग साच्यातून काढतात ते तसेच बसवतात. ही पट्टी बघ, कडा खरखरीत आहे, जिथे घासते तिथे अडते. महागड्या पिस्तुलात ती कोणीतरी हाताने गुळगुळीत केलेली असते. दुसरं म्हणजे, स्प्रिंग मुद्दाम ताठ घालतात. टोला जोरात बसला पाहिजे, कोणतीही गोळी घातली तरी उडाली पाहिजे. चाप जड आहे म्हणून गिऱ्हाईक कुरकुरेल, तेवढं कंपनीला चालतं. गोळी उडाली नाही तर चालत नाही."

खरखरीत कडा त्याने आधीच बारीक दगडाने घासल्या होत्या. फक्त घासणारी बाजू, पट्टी जिथे निसटते तो कोपरा नाही. "त्या कोपऱ्याला हात लावला की पिस्तूल नुसतं खाली पडलं तरी उडू शकतं. लोक व्हिडिओ बघून किचनच्या टेबलावर हे करायला बसतात आणि मग माझ्याकडे घेऊन येतात." घासून पाऊण पौंड कमी झालं होतं. मग त्याने नरम स्प्रिंग घातली आणि चाप थेट सातावर आला.

"मग झालंच की!" मी म्हटलं.

त्याने ड्रॉवरमधून एक डबी काढली. त्यात दोन काडतुसं होती. "मागच्या मातीच्या ढिगावर दहा मारल्या. आठ उडाल्या. या दोन नाही."

त्याने एक न उडालेलं काडतूस आणि एक उडालेलं रिकामं पितळ, दोन्हींची बुडं दिव्याखाली वर करून धरली. मी बाबांच्या खिशातलं भिंग काढून त्यांच्या डोळ्याला लावलं. हात मागे ठेवून ते वाकले आणि बराच वेळ तसेच राहिले.

"हा टोल्याचा खड्डा उथळ आहे," ते मराठीत म्हणाले. मग मिस्त्रीला इंग्रजीत, "डेप्थ लेस. सेंटर ओके. डेप्थ लेस."

मिस्त्रीने चष्मा कपाळावर सरकवला. "हे काय काम करायचे?"

मी सांगितलं.

"कॅपा तपासायचे? तीस वर्षं?" म्हातारा एकदम उभा राहिला आणि दुसरी खुर्ची घेऊन आला. "बसा, सर."

बाबांना कोणी सर म्हटलेलं मी फार वर्षांनी ऐकलं. ते बसले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "आम्ही एवढी वर्षं कॅप पाहिली. टोला मारणारं काय असते ते आज पाहून राहिलो."

मग त्यांना उत्साह आला. जुनी ताठ स्प्रिंगच घ्यायची आणि तिचे दोन वेढे कापून टाकायचे, म्हणजे मधला जोर मिळेल, असं त्यांनी मला समजावून सांगितलं. मी भाषांतर केलं. मिस्त्रीने सौम्यपणे नकारार्थी मान हलवली. वेढे कापले की स्प्रिंग आखूड होते, सुरुवातीला ढिली पडते आणि शेवटाला आणखी ताठ होते. आज चालेल, उद्या चालेलच असं नाही. बाबा लगेच म्हणाले, "बरोबर आहे त्याचं. मी घाई केली."

मिस्त्रीने तिसरी, मधल्या जोराची तयार स्प्रिंग बसवली आणि काटा लावला. सव्वाआठ पौंड. मागे जाऊन त्याने दहा गोळ्या मारल्या. आम्ही गराजमध्ये कानांवर हात ठेवून मोजत होतो. दहाच्या दहा उडाल्या. त्याने रिकाम्या पितळांची बुडं दाखवली आणि बाबांनी एकेक बघून "पास" म्हटलं.

बसवाल्या बाई एवढा वेळ मागे उभ्या होत्या. आता त्या पुढे आल्या. त्यांचं बोट नऊ ओढत होतं, चाप सव्वाआठचा होता. मिस्त्रीने पिस्तूल रिकामं असल्याची दोनदा खात्री करून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते समोरच्या विटांच्या भिंतीकडे रोखलं, दोन्ही हातांनी धरलं आणि चाप ओढला.

अर्ध्यात थांबला. बोट थरथरायला लागलं. त्यांनी श्वास घेऊन परत ओढला. परत अर्ध्यात.

पिस्तूल टेबलावर ठेवून त्या म्हणाल्या, "तुझं लाकूड खोटं बोलतं."

काट्याचा आकडा चुकीचा असेल का? मी बॅगेतून बाबांचं यंत्र काढलं, त्याला मिस्त्रीचा काटा लावून पाहिला. दोन्ही आकडे जुळले. बाईंनी लाकडावर बोट लावलं, पावणेनऊ आले. म्हणजे बोट खरं सांगत होतं, काटाही खरं सांगत होता, आणि तरी चाप ओढला जात नव्हता. मिस्त्री डोकं खाजवत होता. बाबा स्प्रिंगकडे बघत होते.

मला यंत्रातलं काही कळत नाही, म्हणून मी हाताकडे पाहिलं. "पुन्हा धरा," मी म्हटलं. "ओढू नका. नुसतं धरा."

लाकडाच्या मुठीवर त्यांच्या तर्जनीचं पहिलं पेर पट्टीभोवती छान वाकून बसत होतं. पिस्तुलावर मात्र बोट जवळजवळ सरळ होतं आणि चापावर फक्त शेंडा टेकत होता. ताणलेल्या बोटात ताकद नसते. कोणाच्याच नसते, आणि शिवलेल्या टेंडनमध्ये तर अजिबात नाही. मी दोन्ही मुठी शेजारी शेजारी ठेवल्या. मुठीच्या पाठीपासून चापापर्यंतचं अंतर पिस्तुलात माझ्या करंगळीच्या जाडीइतकं जास्त होतं. आणि ती जाडी कशाची ते तिथेच दिसत होतं. मुठीवर काळ्या रबराचं जाडजूड कव्हर होतं.

"हे कंपनीचं आहे?" मी विचारलं.

"नाही, माझ्या मुलाने चढवलं," बाई म्हणाल्या. "धक्का कमी बसावा म्हणून. हाताला बरं वाटेल म्हणाला."

मिस्त्री काहीतरी पुटपुटला, ते मी लिहीत नाही. सुरी घेऊन त्याने रबर उभं चिरलं आणि सालीसारखं सोलून काढलं. आत खडबडीत प्लास्टिकची बारीक मूठ निघाली. बाईंनी ती धरली. बोट आत आलं, पेर वाकलं. पूर्ण लाकडासारखं नाही, पण बरंच.

त्यांनी ओढलं. सावकाश, लांब, ओठ घट्ट मिटून. घोडा मागे गेला आणि खट् करून आदळला.

त्यांनी परत ओढलं. खट्. तिसऱ्यांदा ओढून त्यांनी पिस्तूल खाली ठेवलं आणि बोट चोळत खुर्चीवर बसल्या. "पन्नास वर्षं बंदुका दुरुस्त करतोय," मिस्त्री म्हणाला, "आणि मी त्या बाईच्या हाताकडे एकदाही पाहिलं नाही." बाबांनी हे मला मराठीत सांगायला लावलं, नीट समजलं याची खात्री करायला.

परत येताना गाडीत बाबांनी भिंग पुसून खिशात ठेवलं. मग म्हणाले, "आमच्या खात्यात दोष निघाला की आम्ही म्हणायचो, माल आमचा ठीक आहे, त्यांचं हत्यार खराब असेल. हत्यारवाले म्हणत असतील माल खराब. दोघांना एका टेबलावर कोणी बसवलंच नाही."

पुढच्या गुरुवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून रेंजवर गेले. बाबा मागच्या बाकावर कानाला आवाज अडवणारे मोठे पिवळे कप लावून बसले. त्या तिघी मैत्रिणी मी कल्पना केली होती तशा नव्हत्या. ऑर्गनवाली सगळ्यात मोठ्याने शिव्या घालायची. बसवाल्या बाईंनी पहिली गोळी मारली ती कागदाच्याही खाली मातीत गेली. दुसरी कागदाच्या कोपऱ्यात. मग चार ओळीने मधल्या काळ्या भागाच्या आसपास. चौदा गोळ्यांनंतर बोट उठेना. मी दुरून पाहत होते. त्या आणखी ओढायला जातात की काय अशी मला भीती वाटली, पण त्यांनी पिस्तूल रिकामं करून ठेवून दिलं आणि स्वतःहून हात बर्फाच्या पिशवीवर ठेवला. त्या दिवशी त्या चौथ्या आल्या. चौघींत चौथ्या.

नर्स मैत्रिणीने मला विचारलं, "एक मारून बघायचीय?"

मी नाही म्हणणार होते. पण गेले सहा महिने मी ज्या हालचालीसाठी एक बोट तयार करत होते ती हालचाल मी स्वतः कधी केली नव्हती. मी बसवाल्या बाईंचंच पिस्तूल मागितलं. त्यांनी माझे पाय, खांदे, मनगट नीट करून दिलं, जसं मी त्यांचं करते तसं. मला आवाजाची धास्ती होती. पण लक्षात राहिला तो आवाजाच्या आधीचा ओढा. बोट मागे येत राहतं, येत राहतं, वाटतं आता, आता, आणि तरी काही होत नाही. तेवढ्या वेळात मला माझ्या बोटातलं प्रत्येक पेर वेगळं जाणवलं. मग धक्का बसला, कानात घुमलं, आणि मी पिस्तूल लगेच खाली ठेवलं. गोळी कुठे गेली ते कोणालाच सापडलं नाही. परत मारायची इच्छा झाली नाही. पण हाताविषयीच्या पुस्तकात मी जे वाचलं होतं त्यातलं थोडं त्या सकाळी मला पहिल्यांदा समजलं.

बाबांना मी विचारलं, कसं वाटलं बघून. ते म्हणाले, "मोठा आवाज आहे. कारखान्यात आम्ही आवाज कधी ऐकलाच नाही." मग पॅनकेक खायला गेलो आणि त्यांनी मेपल सिरपवर तिखट सॉस घालून त्या चौघींना हसवलं.

जूनअखेर मी बसवाल्या बाईंची केस बंद केली. बाबा ऑगस्टमध्ये परत गेले. बाई अजून दर गुरुवारी जातात, वीसेक गोळ्यांच्या पुढे जात नाहीत. हिवाळ्यात बोट आखडतं तेव्हा फोन करून मला विचारतात, आणि मी सांगते ते निम्मं ऐकतात.

माझ्या कामात मात्र एक फरक पडला. आता कोणी म्हणालं मला अमुक करायचंय, की मी म्हणते, ती वस्तू घेऊन या. आणता येत नसेल तर मी येऊन बघते. एका शेतकऱ्याच्या जुन्या ट्रॅक्टरचा हाताने चालवायचा क्लच मी स्वतः दाबून पाहिला आहे. एका विद्यार्थ्याची सायकल क्लिनिकमध्ये उभी करून तिचे ब्रेक मोजले आहेत, आणि त्याचं बोट नव्हे तर ब्रेकची तारच गंजलेली निघाली. गेल्या आठवड्यात मनगट मोडलेले एक आजोबा आले. त्यांना स्वतःच्या म्हाताऱ्या कुत्र्याची नखं स्वतः कापायची आहेत, दुसऱ्या कोणाला कुत्रा पंजा देत नाही म्हणे. नखं कापायची कात्री ते उद्या आणणार आहेत. कुत्र्यालाही आणू का, असं विचारत होते. मी मॅनेजरला विचारून सांगते म्हटलं आहे.